चारही चाकांना दगड

पिरंगुटच्या एका कारखान्यात किशोर सुरक्षा अधिकारी होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. घरात गॅस पेटवायचा तरी आधी त्याच्या सूचना! त्यामुळे मुलीला, आरोहीला, शिबिराला सोडायचं ठरलं तेव्हा त्याने छाती काढून जाहीर केलं, "मुळशी तालुक्यात आजवर इतक्या सुरक्षितपणे कुणी गेलं नसेल!"

"ते राहू द्या. वेळेत पोचवा म्हणजे झालं," उषा म्हणाली.

बायकोचं चुकत नव्हतं. धरणाच्या पलीकडे, पार डोंगरात महाराजांचा मठ. तिथे दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर. नियम कडक: पहिल्या संध्याकाळच्या हरिपाठाला हजर असेल त्यालाच प्रवेश, बाकीच्यांनी आल्या पावली परत जायचं. आरोहीला तिथे मृदंग शिकायचा होता. वर्षभर पोरीने घरातले स्टीलचे डबे बडवून बडवून चेपवले होते. ती परत आली असती तर डब्यांचं काही खरं नव्हतं, आणि तिच्या बापाचंही.

गाडी निघाली. वेग असा, की पौडच्या पुढे एका सायकलवाल्या आजोबांनी त्यांना मागे टाकलं आणि वर "या सावकाश" म्हणून हातही केला! चढ लागायच्या आधी किशोरने गाडी कडेला घेतली.

"आता काय झालं?" उषाने विचारलं.

"काही नाही. इंजिनाला विश्रांती!"

कारखान्यात यंत्र थांबलं की त्याला अडसर लावायचा, वीज तोडायची. तोच कायदा त्याने इथे लावला. चारही चाकांना दगड, मागे रस्त्यावर झाडाच्या फांद्या, आणि बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवलेली!

आता दगड, फांद्या आणि उघडं बॉनेट दिसलं की या रस्त्यावरच्या माणसाला त्याचा एकच अर्थ ठाऊक. मागून येणारा पहिलाच ट्रॅक्टर थांबला. चालवणारा शंभू उडी मारून खाली आला.

"बंद पडली व्हय?"

"पडली नाही. मी बंद ठेवलीय!"

"सायेब, समदे असंच म्हनत्यात. लाजायचं काय त्यात? दोर हाय माझ्याकडं."

"अहो, थांबा! सुरू करूनच दाखवतो!"

किशोर तावातावाने वायर जोडायला वाकला. बोटांतून नट निसटला, टणटणत उतारावर गेला आणि करवंदीच्या जाळीत गडप! वायर काही घट्ट बसेना. त्याने चावी फिरवली. टिक्! आणि पुढे सामसूम.

"बगा," शंभू समाधानाने म्हणाला आणि दोर सोडायला लागला.

"दादा, चांगला घट्ट बांधा," उषा म्हणाली.

वरात निघाली. दर वस्तीवर कुणीतरी विचारायचं, "काय झालं रं शंभू?" शंभू ओरडायचा, "बंद पडलीया!" आणि मागून किशोर खिडकीतून मुंडकं काढून ओरडायचा, "बंद पडलेली नाही!" दोराकडे बघून लोक पोट धरून हसायचे.

पुढे रस्ता खोदलेला. मधोमध एक डंपर फसलेला आणि त्याच्यामागे शिबिराला निघालेल्या गाड्यांची ही लांब रांग. ऊन कलायला लागलेलं. आरोहीचे डोळे भरून आले.

"बाबा, म्हणजे आता डबेच का?"

किशोरने मागे वळून पोरीकडे पाहिलं. एवढी काळजी घेतली, आणि पोरीचाच हिरमोड! तेवढ्यात पुढून शंभूची आरोळी आली.

"धरून बसा!"

ट्रॅक्टर रस्ता सोडून थेट भाताच्या कोरड्या खाचरांत उतरला. मागे गाडी! बांधावरून वर, धपकन खाली, पुन्हा वर! रांगेतले लोक दाराबाहेर येऊन बघायला लागले.

"अहो, हे कसं काय जमवलंत?" एकाने ओरडून विचारलं.

"पूर्वनियोजन!" किशोरने ऐटीत हात हलवला.

तरी मठापाशी पोचेपर्यंत हरिपाठ सुरू झालाच होता. सेवेकरी लीलाबाई दार लोटत होत्या.

"उशीर झाला, पाव्हनं."

"त्याचं असं आहे, आम्ही सुरक्षिततेच्या दृष्टीने…"

"त्ये नका सांगू. गाडी बंद पडली आसंल तरच आत सोडा, आसं म्हाराजांनी सांगितलंय."

शंभूने किशोरकडे पाहिलं. उषाने पाहिलं. आरोहीने तर हातच जोडले. किशोरने दोराकडे बोट दाखवलं.

"बंद पडली होती, मावशी! पार बंद! हा काय दोर!"

आरोही बाणासारखी आत गेली. मृदंग शिकायला आलेली बाकीची पोरं अजून डंपरमागे अडकलेली, त्यामुळे महाराजांनी मृदंग हिच्याच पुढे सरकवला. पहिली थाप पडली! ठेक्यात नव्हती, पण दणदणीत होती. किशोरचा ऊर भरून आला. तालुक्यात त्याच्याइतका सुखी बाप त्या घडीला दुसरा नव्हता.

लीलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पोरगी गुनाची हाय हो. तुमी काय काम करता, पाव्हनं?"

शेजारी शंभू गालात हसत उभा होता.

"मी?" किशोरने घटाघटा पाणी प्यायलं. "मी ट्रॅक्टरच्या मागे असतो."