चढले, पण उतरायचं कसं?

शरद धारपांना नवी गाडी घ्यायची होती आणि त्याचं घरात सगळ्यांनाच दुःख होतं. शरदराव रेल्वेत पुलांचे इंजिनिअर. पूल दिसला की तो कुठून पडेल हे आधी बघायचं, ही नोकरीतली सवय त्यांनी घरीही आणली होती. गेली तीन वर्षं ते एकाच एसयूव्हीतले दोष शोधत होते. ते संपत येईपर्यंत कंपनी नवं मॉडेल काढायची आणि शरदराव पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

गाडी हवी होती सुचित्राबाईंसाठी. जुन्या छोट्या गाडीत बसताना त्या कण्हायच्या. हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. लखनौत राहून त्यांनी दिवाळीपासून निशातगंजचा बाजार पाहिला नव्हता. गाडी ऐसपैस झाली की बायको पुन्हा हिंडू-फिरू लागेल, असा शरदरावांचा हिशोब होता.

त्या रविवारी शोरूमचा हरिहर सुधारित मॉडेल घेऊन दारात आला. तीन वर्षांत हरिहरचे केस विरळ झाले होते.

"सर, इस बार सनरूफ भी है."

"गळेल," शरदराव म्हणाले.

त्यांनी डिकी उघडली, टायर दाबले, सहा एअरबॅगांपैकी एकतरी ऐन वेळी उघडणार नाही असं भाकीत केलं आणि म्हणाले, "सुचित्रा, बस बघू."

सुचित्राबाईंनी पाय उचलला. तो पायरीपर्यंत पोचला नाही. त्यांनी दुसरा उचलून पाहिला. मग पाठमोरं चढून पाहिलं. शेवटी घरातून जेवायचा पाट आणला, त्यावर सुचित्राबाई उभ्या राहिल्या, एका बाजूनं शरदरावांनी ढकललं, दुसऱ्या बाजूनं हरिहरनं ओढलं आणि बाई आत पोचल्या.

"झालं की! चला निशातगंजला. कुकरची रिंग घ्यायचीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्या हसल्या होत्या. त्या आनंदात पाट फाटकापाशीच राहिला.

निशातगंजला पोचल्यावर सुचित्राबाईंनी दार उघडलं, खाली पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"काय झालं?"

"अहो, जमीन फार खाली आहे."

शरदरावांनी गाडीचं सगळं तपासलं होतं. उतरणं तेवढं राहिलं होतं. मागून हॉर्न सुरू झाले. भांड्यांचा दुकानदार धावत स्टूल घेऊन आला. "माताजी, आराम से, इस पर पैर रखिए." शरदरावांनी स्टूल हलवून पाहिलं आणि नापास केलं. गर्दी जमली. कुणी म्हणालं उचलून घ्या, कुणी म्हणालं मॅडमना आतच राहू द्या, रिंग आम्ही आणतो. रिंग खिडकीतून आली, पाठोपाठ चहाही आला. सुचित्राबाईंनी चहा घेतला, पण डोळे भरून आले होते. बाजार दोन हातांवर होता आणि त्यांना त्यात पाय टाकता येत नव्हता.

"प्लॅटफॉर्म पाहिजे," शरदराव म्हणाले. "हरिहर, धीरे चलो. गाड़ी की ऊँचाई का चबूतरा ढूँढो."

लखनौत ओटे भरपूर, पण एकावर समोसे तळले जात होते, दुसऱ्यावर कुणी झोपलं होतं, तिसरा मोडका होता. इकडे हरिहरचा फोन वाजत होता, दुसरं गिऱ्हाईक गाडीची वाट पाहत होतं. शेवटी एक ओटा सापडला. रुंद, पक्का, बरोबर उंचीचा. शरदरावांनी हात करून गाडी त्याला चिकटवून घेतली. सुचित्राबाई सपाट चालत उतरल्या आणि कुणीतरी त्यांना व्हीलचेअरमध्ये बसवलं. तो हाडांच्या इस्पितळाचा ओटा होता.

"अहो, मी पेशंट नाही, मी टेस्ट ड्राइव्ह आहे!" असं त्या ओरडत होत्या, पण तोवर त्या डॉक्टरांसमोर पोचल्या होत्या.

डॉक्टरांनी गुडघे दाबले. "दर्द कब से है?"

सुचित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चार साल से."

"चार वर्षं?" शरदराव खुर्चीवरून उठले. "मला तर म्हणालीस गाडीत बसायला त्रास होतो!"

"व्हायचाच. पण तो गाडीमुळे नव्हता."

एक्स-रे निघाले. दोन्ही गुडघे बदलावे लागणार होते.

"कर दीजिए," शरदराव लगेच म्हणाले.

सुचित्राबाई घाबरल्या. "अहो, काहीतरी विचारा ना! गाडीबद्दल तीन वर्षं विचारताय."

"काय विचारू? मला भीती वाटतेय, सुचित्रा." शरदराव तिच्याकडे वळले. "तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गुडघ्यांतही दोष काढत बसला असता. नवे येईपर्यंत थांबू म्हणाला असता."

हे खरं होतं आणि शरदरावांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. ते बायकोचा हात धरून बसले.

दारात किल्ली घेऊन हरिहर उभा होता. "सर, वो... गाड़ी का क्या सोचा?"

"गाड़ी बहुत अच्छी है," शरदराव म्हणाले. "नहीं चाहिए."

हरिहर भिंतीला टेकला. त्याची अवस्था बघून सुचित्राबाईंचा जीव कळवळला.

"भैया, अगले साल नया मॉडल आएगा ना?"

"आएगा, मैडम," हरिहर रडवेल्या आवाजात म्हणाला. "हर साल आता है."

"तो ले आना. मैं खुद चढ़के देखूँगी." मग त्या शरदरावांकडे वळल्या. "आणि उतरूनही."