सय्यदचाचांचे तीन खिसे

सय्यदचाचा शर्ट शिवायला टाकतात तेव्हा शिंप्याकडे कापडाबरोबर मोबाइलही नेतात. आधी माप मोबाइलचं, मग छातीचं. डावा खिसा मोबाइलला, उजवा घडीच्या कीबोर्डला आणि आतून शिवलेला तिसरा पॉवर बँकेला. दौऱ्यावर निघाले की दोन्ही हात मोकळे. छाती थोपटून सांगतात, "बिलकुल हलकं."

आमची बियाणं कंपनी जालन्यात आहे. चाचा गावोगावचे कपाशीचे बियाणं-प्लॉट तपासतात. सगळ्या तपासनिसांचे अहवाल गोळा करणं माझं काम. कंपनीनं सर्वांना लॅपटॉप दिले. चाचांनी स्वतःचा पहिल्याच दिवशी माझ्या कपाटात आणून ठेवला. "ही म्हैस हाय, मॅडम. न्यायची तर तिचा चारा बी सोबत न्यावा लागतो." चारा म्हणजे चार्जर, माउस आणि एक्स्टेन्शन बोर्ड. दौऱ्याच्या सामानाची ती यादी मी स्वतः केली होती.

पण माझा खरा राग उशिराचा होता. बाकीच्यांचे अहवाल चारच्या आत येत. चाचांचा सातला, कधी साडेसातला. फोन केला की एकच उत्तर, "टाइप करून राह्यलो, मॅडम." त्यांच्या एका अहवालासाठी मी रिकाम्या ऑफिसात दात-ओठ खात बसायची. शेवटी मी उशिरांची तारीखवार यादी केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, एकदा सोबत जाऊन बघा. मोबाइलवर चारच्या आत जमत नसेल तर चाचांचा दौरा बंद, गोदामात बसवू. चाचांनाही तसं सांगितलं. मला वाटलं, आता तरी म्हैस कपाटातून निघेल. निघाली नाही.

तीर्थपुरीच्या पुढं कडूबाईंचा प्लॉट त्या दिवशीचा शेवटचा. माझ्या लॅपटॉपची बॅग पऱ्हाटीच्या प्रत्येक फांदीत अडकत होती. चाचा ओळीतून सरसर फिरले, भेसळीची दोन झाडं उपटून बांधावर टाकली आणि उभ्याउभ्या मोबाइलवर बोटं फिरवली. तीन वाजले होते. मी मनात म्हटलं, सुधारलेत.

मग आम्ही कडूबाईंच्या ओसरीवर टेकलो. चाचांनी कीबोर्ड उलगडला, मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि एका बोटानं टाइप करायला लागले. एक अक्षर, मग सुनेच्या बाळंतपणाची चौकशी. एक अक्षर, मग कडूबाईंच्या गुडघ्याची. चहा आला. साडेतीन झाले.

"सय्यदभाऊ, तुमचं काम लई किचकट बघा," कडूबाई म्हणाल्या. चाचांनी गंभीरपणे मान हलवली.

पावणेचारला कडूबाई शेंगा आणायला आत गेल्या आणि माझा संयम संपला. मी तांब्यापासून मोबाइल उचलला.

अहवाल पूर्ण होता. फोटो, झाडांची संख्या, सही, सगळं. बांधावरच भरलेला, तीन वाजून पाच मिनिटांनी. इतका वेळ शेऱ्याच्या रकान्यात चाचा ‘समाधानकारक’ लिहीत होते, खोडत होते आणि पुन्हा लिहीत होते.

दुसऱ्याचं घर म्हणून आवाज दाबला, पण बोलायचं काही ठेवलं नाही. इतके महिने मला ताटकळत ठेवलं, आता स्वतःचा दौरा घालवायला निघालात, आणि हे तर केव्हाच झालेलं आहे.

चाचांनी कीबोर्डची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"झालं म्हणलं की उठावं लागतंय, मॅडम," ते म्हणाले. "तुमची चाची गेली, पोरी सासरी. घरी जल्दी जाऊन करू काय?"

चारला सात मिनिटं होती. पाठवायचं बटण मीच दाबलं. साहेबांना कळवलं, अहवाल वेळेत आहे, दौरा चालू ठेवावा. चाचांना बजावलं, यापुढं अहवाल बांधावरूनच पाठवायचा. नंतर कुठं किती बसलात ते मला कळवायची गरज नाही. हे सगळं रागातच बोलले. राग गेला नव्हता, कोणावर करायचा तेवढं कळत नव्हतं.

कडूबाई शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर आल्या. "झालं का तुमचं?"

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"कुठं झालं," मी म्हटलं. "अजून अर्धा तास तरी लागेल."

आणि मी सूप जवळ ओढून शेंगा फोडायला बसले.