दाजींची नर्मदा

दाजी परुळेकरांनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. त्यामुळे आपल्या हातची बोट बुडेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही!

बोट म्हणजे मीटरभर लांबीची, शिडाची, रिमोटवर चालणारी. निवृत्तीनंतर दाजींना घर खायला उठलं होतं. मुलगा विनीत नोकरीला गोव्यात, बायको नर्मदाकाकू स्वयंपाकघरात आणि दाजी ओसरीवर, कुणी न सोडवलेल्या पार्सलासारखे. विनीतने एकदा रिमोटचा संच आणून दिला आणि दाजींना हुरूप आला. फणसाच्या लाकडाच्या पट्ट्या तासल्या, वरून फायबर चढवलं. तळाला वजन हवं म्हणून मासेमारीच्या जाळ्याची शिशं आणली आणि नर्मदाकाकूंच्या बिडाच्या कढईत वितळवली!

त्या दिवसापासून काकूंनी अबोला धरला. समजूत काढायची म्हणून दाजींनी बोटीवर लाल रंगात नाव रंगवलं : नर्मदा.

काकूंनी ते वाचलं. "सा म्हयन्यांत माझ्याशी सा वाक्यां बोललास नाय तुमी," त्या म्हणाल्या, "आणि हिच्याशी दिवसभर बोलतास!"

रविवारी सकाळी दाजींनी एकट्यानेच जाऊन वालावलच्या तळ्यात बोट सोडली. वारा छान होता. शिडं फुगली आणि बोट हेडमास्तरांसारखी ताठ मानेने तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. तेवढ्यात एक झोत आला, बोट कलली, आणि दाजींना आठवलं की वरच्या झाकणाला चिकटपट्टी लावायची राहिलीय! पाणी भसाभसा आत शिरलं. बाकीचं काम शिशाने चोख केलं.

"बुडाली! माझी नर्मदा बुडाली!" दाजी ओरडले, आणि मट्‌कन पायरीवर बसून लहान पोरासारखे रडायला लागले.

पलीकडे शेजारची किशोरी कपडे धूत होती. तिच्या हातातला पिळा गळून पडला. "खंय बुडाली, मास्तरांनू?"

"थंय! मधोमध!"

"पण ती कित्याक गेल्ली थंय?"

"मीच धाडलंय गो! वारो बरो होतो म्हणान!"

किशोरी किंचाळत गावात धावली. दहा मिनिटांत अर्धं गाव तळ्यावर! चौघांनी धडाधड उड्या घेतल्या. काकूंचा भाऊ देवगडहून गाडी करून निघाला. पोलीसपाटील वही उघडून उभे राहिले.

"मयताचं वय?"

"सहा महिने," दाजी हुंदका देत म्हणाले. "ह्याच हातांनी..."

पाटलांचं पेन थबकलं. "वजन?"

"साडेचार किलो."

"अरे देवा! बाळ!" बायकांनी तोंडाला पदर लावले. "मास्तरांची नात! आजयेचा नाव ठेवलेला!"

"पण विनीताचा लगीन खंय झाला?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी मोबाइल काढले. आणि दोन मिनिटांत गोव्यात विनीतचा फोन जो वाजायला लागला, तो थांबेचना!

रडारड ऐकून नर्मदाकाकू हातातलं सूप टाकून धावत आल्या. मागच्या बाईला त्यांनी घाबरत विचारलं, "कोण गेला गो?"

"मास्तरांची नात," ती वळून न बघताच म्हणाली.

"माझी नात?"

बाई वळली आणि जागच्या जागी थिजली. त्याच वेळी एकाने पाण्यातून बोट वर काढली. डोलकाठी मोडलेली, शिडाला शेवाळ लोंबतंय. लाल अक्षरं सगळ्यांनी वाचली. मग काकूंकडे पाहिलं. मग दाजींकडे. हसलं कुणीच नाही. पाटलांनी बोट हातात घेऊन तोलली, "वजन बरोबर आहे," म्हणाले आणि वही मिटली.

देवगडचा भाऊ अर्ध्या वाटेवरून शिव्या घालत परतला. पण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून किशोरीने तोवर कुळथाची पिठी आणि भात पोचवला होता. ते जेवण काही परत जाईना.

दुपारी दोघं समोरासमोर बसून तेच जेवत होती.

"खरां सांगा," काकू हळूच म्हणाल्या. "मी खरीच बुडलंय असतंय, तर असेच रडले असतास?"

दाजींनी भात कालवला. बायकोशी काहीतरी गोड बोलावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. त्यांनी पुष्कळ विचार केला.

"तू कशी बुडतलंस गो?" ते म्हणाले. "तुका पोवूक येता."