लोहचुंबक लावून पाहिलेला कॉम्प्युटर

जुनी वस्तू घ्यायची असेल तर ती आधी आपल्याला दाखवायची, असा दंडक पारखीसाहेबांनी घरात आणि सासुरवाडीत घालून ठेवला होता. त्यांनी पारखून दिलेला फ्रिज साडूच्या घरी गेली चार वर्षं कपाट म्हणून उत्तम काम देत होता. मेहुणीला घेऊन दिलेलं कपडे धुण्याचं यंत्र तर असं चालायचं, की न्हाणीघरातून निघून थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं. साहेबांचा आत्मविश्वास मात्र कधी तसूभरही जागचा हलला नाही.

साहेब पेशाने विम्याचे सर्वेक्षक. ठोकलेली गाडी गॅरेजात आली की साहेब येणार, चेपलेल्या दारावरून बोट फिरवणार, खिशातलं लोहचुंबक काढून पत्र्याला लावणार. चुंबक चिकटलं तर पत्रा. घसरलं तर आत खड्डा बुजवायची पुट्टी, म्हणजे गाडी पूर्वीही कुठेतरी आपटलेली. मग "हे नुकसान आधीचं आहे" एवढंच बोलून ते निम्मी भरपाई उडवणार. या एका वाक्यावर एकोणीस वर्षं निघाली होती. 'पारखी' हे नाव गॅरेजवाल्यांनीच ठेवलेलं. ते नाव घेताना लोक एकमेकांकडे का बघतात, याची पारख तेवढी साहेबांना अजून झाली नव्हती.

त्यांची लेक इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती. वर्षअखेरीला तिला एक अख्खा दवाखाना पडद्यावर उभा करून शिक्षकांना त्यातून फिरवून आणायचं होतं. घरातला कॉम्प्युटर एक भिंत वळवायला एवढा वेळ घ्यायचा, की तेवढ्यात एखाद्या गवंड्याने ती खरीच बांधून वर गिलावाही केला असता. नवा दणकट कॉम्प्युटर परवडण्यातला नव्हता. मग तिला कळलं, की गेम खेळणारे लोक असाच दणकट कॉम्प्युटर वापरतात आणि हौस फिटली की विकून टाकतात. दीड वर्ष एका कंत्राटदाराचे नकाशे काढून तिने पैसे साठवले होते. तिने एक जाहिरात शोधली, मालकाशी संदेशांतून बोलून घेतलं, आणि काय काय तपासायचं त्याची अकरा कलमांची यादी वहीत लिहून काढली.

एवढी हुशार मुलगी, पण एक चूक करून बसली. हे सगळं तिने जेवताना सांगितलं.

साहेबांनी घास खाली ठेवला. गेम खेळणारा माणूस म्हणजे गाडी शर्यतीत पळवणारा माणूस, त्याची वस्तू आतून खिळखिळी असणार, आणि या पोरीला तो दिवसाढवळ्या टोपी घालणार, असा निकाल त्यांनी वस्तू न बघताच दिला. लेकीने यादी दाखवली. यादीने काय होतंय, नजर लागते, असं म्हणून त्यांनी वही आमटीच्या भांड्याशेजारी सरकवली.

"अहो, पैसे तिचे आहेत. तिलाच बघू द्या," आई म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिला यादी पसंत होती.

"पैसे तिचे आहेत म्हणूनच जातोय," साहेब म्हणाले. "माझे असते तर एवढं बघितलं नसतं."

रविवारी सकाळी साहेब निघाले ते कामावरची पिशवी खांद्याला लावूनच. आत विजेरी, पक्कड, पेचकस आणि अर्थात लोहचुंबक. वाटेत त्यांनी लेकीची शिकवणी घेतली. वस्तूला चांगलं म्हणायचं नाही. मालकाकडे बघून हसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काही झालं तरी मध्ये बोलायचं नाही.

चौथ्या मजल्यावरच्या दारावर 'निवृत्त भूलतज्ज्ञ' अशी पाटी होती. दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. पांढरे आखूड केस, मनगटाला पट्टा, नजर अशी की समोरच्याचं वजन किलोत कळत असावं. आयुष्यभर लोकांना झोपवून पुन्हा जागं करण्याचं काम केलेल्या या डॉक्टरबाई लेकीकडे बघून ओळखीचं हसल्या. साहेबांनी लेकीकडे डोळे वटारले. तिने हसू गिळलं.

बाईंचं वय बघून साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, की नातू कुठे आहे. बाई म्हणाल्या, शिकायला बाहेर असतो. मग हा कॉम्प्युटर दाखवणार कोण, असं साहेबांनी विचारलं.

"मीच. माझाच आहे."

"तसं नव्हे. खेळतं कोण यावर?"

"मीच खेळते. आता नव्या खेळांना हा पुरत नाही मला."

साहेब मोठ्याने हसले. म्हातारी नातवाच्या भानगडी झाकते आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे ताडलं, आणि लेकीला हळूच कोपरही मारलं. लेक अंग चोरून भिंतीला टेकली.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत टेबलावर होता. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे, आणि त्यांच्यामधून वळणं घेत गेलेल्या पारदर्शक नळ्या. नळ्यांतून गुलाबी पाणी फिरत होतं. बाईंनी तो चालू केला आणि त्या बाजूला झाल्या. लेकीने वही उघडली, चार बटणं दाबली, पडद्यावरचे आकडे एकेक करून टिपले. पाचव्या कलमाशी ती थबकली. जाहिरातीत सोळा जीबी मेमरी लिहिली होती. पडद्यावर आठच दिसत होती. तिने ते वहीत उतरवलं, वेळ लिहिली, आणि बाबांच्या बाहीला हात लावला.

"बाबा, एक सांगायचंय."

"मध्ये बोलायचं नाही, ठरलंय ना?" साहेब म्हणाले आणि त्यांनी लोहचुंबक काढलं.

चुंबक त्यांनी कॉम्प्युटरच्या अंगाला लावलं. ते सुळ्ळकन घसरून खाली पडलं. दुसऱ्या बाजूला लावलं, तिथेही पडलं. साहेबांचा चेहरा उजळला. खवल्या मांजराने वारूळ शोधावं तसे ते वरून खालपर्यंत फिरले, आणि सर्वत्र चुंबक पाडून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की वस्तू नखशिखांत पुट्टीची आहे.

"ॲल्युमिनियम आहे ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याला चुंबक चिकटत नाही."

साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ज्याची चूक असते तोच खुलासे देतो, हा त्यांचा अनुभव होता. मग त्यांनी कॉम्प्युटरचा वास घेतला. त्यावर टिचकी मारली. हा कधी कुठे धडकला होता का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, टेबलावर असतो, रस्त्यावर नेत नाही. दिवे कशाला लावलेत, असं साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लेकीला समजावलं, की ठोकलेल्या गाडीलाच रंग जास्त मारतात.

राहता राहिल्या त्या नळ्या. पाणी आणि वीज एका खोक्यात ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा लबाड, असं म्हणून त्यांनी काचेचं झाकण काढलं. बाई म्हणाल्या, हात लावू नका. ते पाणी आतली यंत्रं थंड ठेवण्यासाठी आहे, त्या जोडण्या नाजूक आहेत. लेक तर या वेळी चांगलं मोठ्याने "बाबा, नको" म्हणाली. पण एकोणीस वर्षांत साहेबांना कोणी "हात लावा" असं म्हटलेलंच नव्हतं. हात लावू नका म्हटलं की तिथेच मेख आहे, हे त्यांना पाठ होतं. पक्कड बाहेर आली. नळीच्या टोकाची गोल टोपी त्यांनी पकडली आणि इंजिनचा बोल्ट सैल करावा तसा एक झटका दिला.

टोपी निघाली. नळी हातात आली. गुलाबी पाण्याची एक सुबक धार साहेबांच्या शर्टावर, तिथून आतल्या यंत्रांवर आणि शेवटी खाली पांढऱ्या गालिच्यावर पडली. दिवे लाल झाले, हिरवे झाले, आणि गेले.

"लीकेज आहे," साहेब म्हणाले. हे म्हणताना नळीचं टोक त्यांच्याच हातात होतं.

लेकीने तोवर भिंतीतला प्लग उपटला होता. तिने कॉम्प्युटर आडवा केला, पाणी यंत्रांकडून उलट वाहील असा तिरपा धरला, आणि कोरडं फडकं मागितलं. डॉक्टरबाईंनी विचारायच्या आधीच तिच्या हातात फडकं ठेवलं, मग कागद, मग चिमटा. दोघी एक शब्द न बोलता अशा काही कामाला लागल्या, की जणू वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहत होत्या. साहेब विजेरी लावून मध्ये वाकले. त्यांच्या शर्टावरून दोन थेंब पुन्हा आत टपकले.

"ऑपरेशन चालू असताना नातेवाईक बाहेर बसतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. साहेब निमूट बाहेर गेले आणि जिन्यातल्या चपलांच्या फळीवर बसले. येणारे-जाणारे त्यांच्या गुलाबी पोटाकडे बघत होते. एका शेजारणीने तर आत कोणाला बरं नाही का, अशी काळजीने चौकशीही केली.

अर्ध्या तासाने त्यांना आत बोलावण्यात आलं. यंत्रं पुसून झाली होती. दोन दिवस वाळू दिली तर बहुधा चालतील, असं दोघींचं मत पडलं. आता व्यवहाराचं बोलायचं होतं. लेकीने वही पुढे केली आणि पाचवं कलम दाखवलं. जाहिरातीत सोळा आणि प्रत्यक्षात आठ, तेव्हा किंमत कमी व्हायला हवी.

डॉक्टरबाईंनी वही नीट वाचली. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांनी सरळ कबूल केलं. पण आता पाणी पडल्यावर ते कसं मानायचं, असंही विचारलं. पोर खरं बोलत असेल, पण आकडे तिनेच लिहिलेत, आणि तिच्या वडिलांनी पुढे काय केलं ते गालिच्यावर दिसतंच आहे.

साहेब पुढे झाले. छाती फुगवली. बोलण्याची हीच तर वेळ होती.

"हे नुकसान आधीचं आहे," ते म्हणाले.

"पुरावा?" बाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं, आणि पहिल्यांदाच ते कोणी मानलं नाही. साहेबांनी लेकीकडे पाहिलं. मगाशी बाहीला हात लावला तेव्हाच ऐकलं असतं तर बाईंनाही पडद्यावर आठ दिसले असते. तिने वहीत लिहिलेल्या वेळेवर बोट ठेवलं. मग ती त्या आडव्या कॉम्प्युटरकडे वळली. घ्यावा की न घ्यावा, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं, आणि आता कोणी मध्ये बोलत नव्हतं. तिने विचारलं, की मशीन घेतलं आणि चाललंच नाही तर? बाई म्हणाल्या, तू देशील तेवढे पैसे परत करीन. वरचे तुझे वडील भरतील, ते नाही.

"मग घेते," लेक म्हणाली.

आठ जीबीच्या हिशोबाने जे योग्य वाटत होतं तेवढे पैसे तिने मोजून दिले. सोळापर्यंतचे आणि गालिचा धुवायचे साहेबांनी दिले. बाईंनी तिला गुलाबी पाण्याची एक भरलेली बाटली वरून दिली आणि साहेबांना एक जुना टॉवेल.

दोन दिवस कॉम्प्युटर पंख्याखाली वाळत पडला, आणि तेवढे दिवस साहेबांना त्या खोलीत जायला आईने बंदी केली. तिसऱ्या दिवशी लेकीने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खाचा फुंकरीने साफ केल्या आणि पट्ट्या परत दाबून बसवल्या. एक टक असा आवाज आला. एक पट्टी नुसती सैल बसलेली होती. कॉम्प्युटर सुरू झाला तो पूर्ण सोळा दाखवत, आणि तिचा दवाखाना पडद्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरला. वर्षअखेरीला शिक्षक त्यातून तीनदा फिरून आले.

साहेबांनी गॅरेजात सांगितलं, की आपण पाणी मारून आतला कचरा काढला नसता तर ती पट्टी जन्मात चालली नसती. गॅरेजवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांना स्वतःसाठी मोठा कॉम्प्युटर घ्यायचा होता, तोही जुनाच. रविवारी सकाळी बघायला जायचं होतं, आणि सोबत कोणी समजणारं माणूस हवं होतं. लेक फोनवर 'हो' म्हणाली, 'नाही, नाही' म्हणाली, मग खूप हसली.

साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी आपल्याकडेच यावं लागलं ना, असं आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणून ते रविवारी पहाटेच आंघोळीला गेले. इस्त्रीचा शर्ट घातला, दुसरा पायमोजा शोधायला पलंगाखाली वाकले, आणि तसेच वाकून किती वाजता निघायचं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. आईने चहा आणून ठेवला आणि सांगितलं, की लेक मघाशीच गेली.