शनिवारची चिलापी

"पावसाच्या आत तळ्यात एक चिलापी राहिली, तर नावाची रेणुका न्हाई!"

हे मी भर ग्रामसभेत बोलले. टाळ्या पडल्या! माझ्या नवऱ्यानं, कैलासनं, तेवढा कपाळाला हात लावला. मी प्रतिज्ञा केली की जाळं त्याला ओढावं लागतं, हा त्याचा अनुभव!

चिलापी म्हणजे बाहेरून आलेली मासळी. कुणीतरी आमच्या वडिवळ्याच्या तळ्यात आणून सोडली आणि ती लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी मुक्कामालाच राहिली. आपल्या मरळीची अंडी खाते, कमळाचे कोवळे कोंब कुरतडते आणि स्वतःची पिल्लं तोंडात घालून फिरते! म्हणजे एक चिलापी सोडली की शंभर सोडल्या!

आमच्याकडचे कमळपक्षी अंडी घालतात तरंगत्या पानावर. गेल्या वर्षी पानच उरलं नाही. बिचारी जोडी आठ दिवस घिरट्या घालून, भाड्याची खोली न मिळालेल्या नवरा-बायकोसारखी निघून गेली. यंदा त्यांना घर मिळवून द्यायचंच!

जाळं ओढलं. मरळी परत पाण्यात सोडल्या, चिलापीचे दोन टब भरले. वाया कशाला घालवायची? शनिवारी कामशेतला रस्त्याच्या कडेला बसले आणि ओरडले, "जित्ती मासळी! उड्या मारतीय बघा!"

कचकन एक गाडी थांबली. लोणावळ्याच्या बंगल्यात राहणारे पाटणकर साहेब उतरले.

"सगळे द्या."

"कापून देऊ?"

"शिव शिव! जिवंत हवेत हो! बाकी सगळे बर्फातले विकतात."

म्हटलं, शौकीन दिसतो माणूस!

पुढच्या शनिवारी पुन्हा दोन टब, पुन्हा पाटणकर. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. पण तळ्यातली चिलापी तसूभर कमी होईना! उलट जाळं टाकलं की माहेरी आल्यासारखी धावत यायची.

कैलास म्हणाला, "रेणुका, ही तोंडं मला वळखीची वाटत्यात."

"मासळीची तोंडं सारखीच असत्यात! वढा तुमी!"

आणि जाळ्यात एक चिलापी आली. शेपटीला लाल दोरा! वर नीट गाठ!

माझ्या सासूबाईंनी, धोंडाबाईंनी, ती उजेडात धरली. "अगं बया! ही तर देवाला सोडलेली दिसतीय!"

"आत्या, देवाला बोकड सोडत्यात. मासा कोण सोडल?"

"मला काय इचारतीस? हिला इचार!"

ती काही बोलली नाही. तोंडात पिल्लं असतील.

मग शनिवारी टब विकून आल्या आल्या मी आणि कैलास तळ्याच्या बांधामागं दबा धरून बसलो. घटकाभरात गाडी आली. पाटणकर उतरले. एका चिलापीला दोरा बांधला, हात जोडले आणि अख्खा टब तळ्यात उपडा केला!

"जा बाळांनो! मोकळे व्हा!"

"धरा त्यास्नी!" मी ओरडले. कुणाला धरायचं ते न कळून कैलासनं पाटणकरांनाच मिठी मारली.

"अहो, पुण्य करतोय मी!" पाटणकर मिठीतूनच बोलले. "मुलाचं प्रमोशन अडकलंय. ज्योतिषी म्हणाले, दर शनिवारी जिवंत मासे सोडा."

"पण आमच्याच तळ्यात? पत्ता कुणी दिला?"

"तुम्हीच! जवळपास शांत तळं कुठं आहे विचारलं, तर म्हणालात, आमच्या तळ्यासारखं तळं अख्ख्या मावळात न्हाई!"

कैलासनं मिठी सोडली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले होते खरी. मला वाटलं, माणूस फोटो काढायला विचारतोय!

मी पाटणकरांना सगळं समजावलं. अंडी, कोंब, कमळपक्षी. माणूस हळवा, डोळे भरून आले. "म्हणजे ही चिलापी बाहेर काढणं हेच खरं पुण्य!"

"व्हय!"

"आणि काढलेल्या माशांचं काय करायचं?"

"खायचे की!"

पाटणकर पांढरे पडले. "ते पाप कुणाला?"

तळं हातातून जात होतं. मी छाती पुढं काढली. "आमच्या घराला! पाप आमच्याकडं, पुन्य तुमच्याकडं! काढायचे तुमी, खायचे आमी!"

असा सौदा ज्योतिष्यानंही कधी दिला नसेल! पाटणकरांनी बंगल्या-बंगल्यातली मंडळी गोळा केली. आता दर शनिवारी दहा-बारा शाकाहारी माणसं हाफ पँटीत जाळं ओढतात आणि टब आमच्या दारात आणून ठेवतात. विकायची सोय नाही, कारण पाप घरातच राहायला हवं, यावर पाटणकर ठाम!

तळ्यात पानं पसरली. परवा कमळपक्ष्यांनी चार अंडी घातली! मी बांधावर बसून ढसाढसा रडले.

घरात मात्र सकाळी चिलापी तळलेली, दुपारी रस्सा, रात्री दुपारचाच रस्सा. आमचं मांजर ताट बघून शेजारी राहायला गेलं. आत्या म्हणाल्या, "रेणुके, एवढं पाप ह्या वयात पचत न्हाई गं. एक दीस पिठलं कर."

मी पिठलं टाकलंच होतं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. कैलास पलंगाखाली गेला. आत्यांनी कडी घातली. "सांग त्यास्नी, घरात कुनी न्हाई!"

मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "घरात कुनी न्हाई!"

"असू दे, असू दे!" पाटणकर आनंदानं ओरडले. "टब ओसरीवर ठेवतो! आज तीन आहेत!"