नानांच्या दारावरचा बल्ब

आमच्या शेजारचे सर्जेराव नाना कुणाच्याही घरी गेले, तरी पायातली स्लिपर काढत नाहीत. आधी मीटरपाशी जातात. खिशातला टेस्टर काढून मेन स्विचकडं डोळे बारीक करून बघतात, मग घरातल्या माणसांकडं वळतात. "रबरी हाय गड्या. अंगावरची सगळ्यात शहाणी वस्तू हीच," असं वर ऐकवतात.

नाना एसटीत कंडक्टर होते. विजेशी त्यांचा संबंध बटण दाबण्यापुरता. पण एकदा आमच्या इस्लामपूरच्या गल्लीत खांबावरची वीज परत नेणारी तार, म्हणजे न्यूट्रल, तुटला, व्होल्टेज भलतंच वाढलं आणि नानांचा नवाकोरा टीव्ही धूर सोडून गेला. तेव्हापासून त्यांनी न्यूट्रलशी वैर धरलं.

"करंटवाल्या फेजला समदी भित्यात. न्यूट्रलला कोण इचारतंय? त्योच घर जाळतोय."

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बी.कॉम. हे मी कुणालाही न विचारता सांगतो. नाना मला ग्रॅज्युएट म्हणूनच हाक मारतात. "काय ग्रॅज्युएट, प्लगाच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय आन् घरात अंधार. का?" उत्तरही तेच देतात, "न्यूट्रल सुटलाय. पॅशिंजर चढलं, गाडी हलंना." हे कॉमर्सला नसतं, असं मी त्यांना पुष्कळदा सांगितलं.

त्यांचा एक नियम मात्र पक्का. "मीटरच्या सीलपलीकडचं वायरमनचं. अलीकडचं माझं." मेन बंद केल्याशिवाय पेचकसाला हात लावायचा नाही, हा दुसरा.

माझ्यासाठी विट्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून नानांना नेलं. पोहे आले आणि नाना गायब. सापडले मीटरखाली. परत येऊन भावी सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी झ्याक हाय. न्यूट्रल तेवढा आवळून घ्या, मग याद्या करू." सासऱ्यांनी आवळून घेतला. बायको अजून मला सुनावते, "तुमच्याकडनं हुंडा नको म्हणाले, पण वायरमन मागितला."

असा हा माणूस. काकू, म्हणजे आईची अक्का, गेल्यापासून घरात एकटाच.

गेल्या महिन्यात आमचा मिक्सर बिघडला. संध्याकाळी आई शेंगदाण्याची चटणी वाटायला नानांच्या स्वयंपाकघरात गेली. नाना आणि मी त्यांच्या कट्ट्यावर बसलो होतो. आत मिक्सर फिरला आणि दारावरचा बल्ब मिचकला. बोलता बोलता नाना उठले.

"आलो, आलो. वाढ तू."

मग तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं खाली बसले.

"नाना," मी म्हणालो, "तुमचाच न्यूट्रल ढिला आहे."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"ती हुती तवापास्नं. चारचौघांत हाक मारायला लाजायची. बल्ब मिचकला की चटणी झाली, जेवाय चला. ते आवळायचं र्‍हायलं." मग स्वतःच म्हणाले, "न्हाई, ठिवलं तसंच."

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. "आवं भावजी, मेन स्विचातनं जळका वास येतोय. अक्का असती, तर हे नीट केल्याबिगर तुमाला जेवाय दिलं नसतं."

नानांनी बल्बकडं बघितलं. स्लिपर सरळ केली, आत जाऊन मेन बंद केला. मी मोबाईलची बॅटरी धरली. न्यूट्रलचं टोक काळं पडलं होतं. त्यांनी जळकं टोक कापलं, तार पुन्हा सोलली, स्क्रू आवळला. मी पाहिलं, शेवटचा आटा देताना हात जरा रेंगाळला.

मेन चालू झाला. आईनं पुन्हा मिक्सर फिरवला. बल्ब हलला नाही.

"आता जेवाय कवा यायचं ते कळायचं कसं?" नाना हसत म्हणाले, पण नजर बल्बवरच होती.

"मी हाक मारीन की," आई म्हणाली. "मला न्हाई लाज वाटत."

दुसऱ्या दिवशी सांजच्याला आईनं दारातूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली. नाना आले. ताट वाढलेलं होतं.

आधी मीटरपाशी गेले.