रेषेवर आणलेला घेवडा

"विश्वातला पाण्याचा प्रत्येक थेंब समीकरणाला विचारूनच हवेत उडतो!" बियाणे संशोधन केंद्रातल्या गणिताच्या साहेबांनी जाहीर केलं, आणि हातातला चहा समोरच्या समीकरणावर सांडला. तो कागद वाळायला किती वेळ लागेल, हे काही त्यांना चटकन सांगता येईना. शेवटी बीजभांडाराच्या बाईंनी तो उचलून खिडकीत, उन्हात ठेवला.

या साहेबांना केंद्रात सगळे 'सूत्रधार' म्हणत. गरम हवेत बियाणं किती वेळात किती वाळतं, याचं सूत्र त्यांनी सहा वर्षं खपून बसवलं होतं. लेख छापायला गेला होता आणि त्याच दिवशी तीन वाजता संचालक प्रात्यक्षिक पाहायला येणार होते. त्यासाठी ओलं बियाणं हवं होतं. तसं केंद्रात एकच होतं, बाईंच्या ठिपकेवाल्या घेवड्याचं.

हा घेवडा दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. बाकीचे मळे रोगाने गेले, मागचा साठा भुंग्यांनी फस्त केला. बाईंनी कुंपणालगतचा एक वाफा जिवापाड जपून पाच किलो बी हाती आणलं होतं, तेही कालच सोललेलं.

"मी आपली आठ दिवस सावलीत वाळवते, साहेब. सवय आहे त्याला."

"बाई, सवय माणसाला असते. बियाण्याला स्थिरांक असतो. ओलावा किती?"

"तीस टक्के."

"झालं तर! पंचेचाळीस अंशांवर पाच तास. दहाला लावू, तीनला तयार."

"मूठभर बाजूला काढून ठेवू?"

"मुळीच नाही! वजन पाच किलो भरायला हवं."

बाईंनी तीस वर्षांत वरिष्ठांचा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही.

आता यात गोम अशी, की भांडारात ओलावा मोजतात तो ओल्या वजनावर: शंभर ग्रॅम ओल्या बियाण्यात पाणी किती. सूत्रधार मोजत कोरड्या वजनावर: पाणी काढून उरलेल्या शंभर ग्रॅममागे पाणी किती. बाईंचे तीस टक्के म्हणजे सूत्रधारांचे त्रेचाळीस. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एकमेकांना विचारायचं तेवढं राहिलं. अशा वेळी मरतो तो घेवडा.

गरम हवेचा ड्रायर सुरू झाला. आलेखावर सूत्राची रेषा आधीच आखलेली होती; दर तासाला वजन करायचं आणि तिच्याशेजारी ठिपका द्यायचा. बारा वाजता ठिपका रेषेच्या वर बसला.

"काटा बिघडलाय," सूत्रधार म्हणाले. बाईंनी किलोचं माप ठेवून दाखवलं. काटा चोख होता.

"मग तुमच्या घेवड्यातच दोष आहे."

"ओला आहे, साहेब."

"ओला असायला माझी ना नाही. पण इतका?"

एक वाजता ठिपका रेषेपासून आणखी दूर गेला.

"रेषाच जरा वर घेतली तर?" बाईंनी भीत भीत सुचवलं.

"अहो, रेषा छापायला गेलीय!"

रेषा खाली-वर होण्यातली नव्हती. तेव्हा घेवड्यानेच समजूतदारपणा दाखवणं भाग होतं. पंचेचाळीसचे पंचावन्न अंश झाले. पंचावन्नचे सत्तर झाले.

"साहेब, वास येतोय."

"कसला?"

"स्वयंपाकाचा."

"खिडकी उघडा."

तीनला पाच कमी असताना ठिपका अलगद रेषेवर येऊन बसला. संचालकांनी आलेख हातात धरून दोनदा मान डोलावली. "काय शिस्त आहे हो या घेवड्याला!" ते म्हणाले. टाळ्या झाल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या उगवण पाहायला शंभर दाणे मोजून ओल्या कागदात ठेवत होत्या.

आठ दिवस त्या रोज सकाळी कागद उलगडत होत्या. एकाही दाण्याला कोंब फुटला नाही. मग दुसरे शंभर लावले, मग तिसरे. संचालकांनी अहवालावर 'प्रयोग यशस्वी' असा शेरा मारला. उगवणीचं विचारलं तर म्हणाले, "तो विभाग वेगळा."

तिसरे शंभरही वाया गेले, त्या संध्याकाळी सूत्रधार भांडारात येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "तेरा टक्क्यांची चूक, बाई. तुमचे तीस म्हणजे माझे त्रेचाळीस. मी विचारलंच नाही."

"मीही सांगितलं नाही."

"संपला ना हो तो?"

"संपला."

"आता मी बियाणं मरतं कसं, त्याचं सूत्र मांडीन म्हणतो. नाहीतरी नमुना भरपूर आहे." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तसंच परत ठेवलं. "बाई, तुम्ही काहीतरी बोला. शिव्या द्या. माझ्याकडून काय हवं ते मागा."

बाईंनी गोणीत हात घातला, दाणे वर-खाली केले. रंग तोच होता, ठिपके तेच.

"दोन वाट्या घरी नेऊ का?" त्या म्हणाल्या. "आणि शिजवायच्या आधी किती तास भिजत घालायचा, तेवढं काढून द्या."